साडेअकराचं इंजिन

३ मार्च

भावोजी,

नाही म्हणजे नाही. पिस्टन बदलायचेच, आणि सपाट डोक्याचेच घालायचे. तीन वेळा विचारलं म्हणून माझं उत्तर बदलेल असं वाटलं का तुम्हाला? तुम्ही नऊ वर्षांचे होतात तेव्हापासून ओळखते मी तुम्हाला. मी लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात तुम्ही तुमच्या दादाच्या पेटीतला नट गिळलात. दोन दिवस नवी नवरी तुमच्या मागे मागे फिरत होती, कशासाठी ते लिहीत नाही. नट बाहेर आला, ह्यांनी तो धुतला आणि परत पेटीत टाकला. तेव्हापासून तुम्ही नटबोल्ट. वय पंचावन्न झालं, कारखान्याचे मालक झालात, पण अडकायची सवय काही गेली नाही.

फोनच केला असता. पण लोखंड कापून कापून तुमचे कान गेलेत. मी इकडून घसा फोडायचा, तुम्ही तिकडून "हो हो" करायचं आणि मग करायचं ते मनाचंच. कागदावरचं ऐकू आलं नाही असं तरी म्हणता येणार नाही.

तर ऐका. हे जाऊन चौदा महिने झाले. गाडी एकतीस वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. इंजिन मी तुमच्याकडे टेंपोत घालून पाठवलं ते पूजा करायला नाही, चालतं करायला. आणि चालायचं ते कोपऱ्यावरच्या पंपावर मिळतं त्या साध्या पेट्रोलवर. हे इंजिन साडेअकराचं आहे. म्हणजे आत आलेली हवा आणि पेट्रोल साडेअकरा पट दाबायचं आणि मग ठिणगी द्यायची. एवढा दाब सोसणारं पेट्रोल तेव्हा विमानतळावरून डब्यातून यायचं. साध्या पेट्रोलला तेवढं दाबलं की ते ठिणगीची वाट बघत नाही, आपलं आपणच पेटतं, आणि पिस्टनच्या टाळक्यात हातोडा बसतो, तोच तुमचा ठोका. हे तुम्हाला मी सांगावं! पण तुम्ही विचारलंत "वहिनी, तुम्हाला कळतं का त्यातलं", म्हणून सांगतेय.

मला कळतं. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, पण तुमच्या दादाच्या वहीतलं एकूण एक अक्षर माझं आहे. हेड उलटं ठेवून, वर काच ठेवून, पिचकारीनं थेंब थेंब रॉकेल सोडून आतली जागा मोजायची, ते कोण करायचं? दोघा भावांचे हात थरथरायचे. तुमचा घाईनं, त्यांचा तंबाखूनं. मोजलं मी. एका सिलिंडरला छत्तीस सीसी जागा. साडेअकरावरून नऊवर यायला ती सत्तेचाळीस लागते. म्हणजे अकरा सीसी वाढवायची. पिस्टनच्या डोक्यावरचा तो डोंगर गेला की आठ मिळतात, उरलेले तीन हेडमध्ये खरवडून काढा. झालं. यात विचार करण्यासारखं काय आहे?

जुने पिस्टन बघत बसू नका. सरळ भंगारात टाका.

वहिनी


११ मार्च

वहिनी,

भंगारात? ते चार पिस्टन मी लेथवर कातले होते. चोवीस वर्षांचा होतो. एकेक डोंगर कातायला आठ-आठ दिवस लागले होते. दादानं वजन केलं तेव्हा चौघांत एका ग्रॅमचा फरक नव्हता. तुम्ही वहीत लिहिलंय ना सगळं? तेही लिहिलं असेल.

मला हे इंजिन होतं तसंच बांधायचंय. तेच पिस्टन, तेच हेड, तेच साडेअकरा. फुटला असेल तो पिस्टन नवा कातीन. चांगलं पेट्रोल डब्यात आजही मिळतं, मागवता येतं. १८ मे रोजी शर्यत मंडळ घाटात दादाच्या नावाचा फलक लावणार आहे. तुम्हाला पत्र आलं असेल, मलाही आलंय. त्या दिवशी सगळ्यांसमोर हे इंजिन स्टँडवर चालवून दाखवणार. फुल थ्रॉटल. ठोका येतो का ते बघू दे लोकांना.

का ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहितो, कारण एकतीस वर्षांत आपल्या घरात कुणी ते तोंडातून काढलं नाही. शर्यत होती. सातव्या वळणावर इंजिन फुटलं. दादा गाडीतून उतरला आणि सगळ्या जत्थ्यासमोर म्हणाला, "धाकट्यानं टायमिंग पुढे ओढलं. याच्यामुळे मी आज दरीत जात होतो." मी टायमिंग ओढलं नव्हतं, ठिणगी वेळेआधी पडेल असं काही केलं नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्याच वहीतल्या आकड्यावर लावलं होतं. त्यानं ऐकून घेतलं नाही. मी त्याच आठवड्यात घर सोडलं. त्या गावात मला कुणी नळाचा वॉशर बदलायला बोलावलं नसतं, असं नाव करून ठेवलं त्यानं. तो गेला तेव्हा आलो, फाटकापाशी उभा राहिलो आणि परत गेलो. आत यायची इच्छा नव्हती.

तुमच्यासाठी मधला मार्ग सांगतो. १८ मे होऊ दे. मग हेडखाली जाड पॅकिंग घालतो. दाब उतरेल, पिस्टन वाचतील.

आणि साध्या पेट्रोलची एवढी घाई का? चालवणार कोण? गिऱ्हाईक आलंय का? सरळ सांगा.

धाकटा


१७ मार्च

भावोजी,

जाड पॅकिंग! अहो, टोपी सैल होते म्हणून कुणी डोक्याला गोधडी गुंडाळतं का? अकरा सीसी मिळवायला दोन मिलिमीटरच्या वर जाड पॅकिंग लागेल. मग पिस्टन वर आल्यावर कडेला जी चिमटीएवढी फट राहते ती होते बोटाएवढी. मिश्रण नीट घुसळलं जात नाही, कोपऱ्यात पडून राहतं आणि नऊवर आणूनही ठोका येतोच. म्हणजे दाबही गेला आणि दुखणंही राहिलं. हे ह्यांचं वाक्य आहे, वहीत पान एकोणचाळीस, अक्षर माझं. कारखान्याच्या पाटीवर तुमचं नाव लिहिलंय म्हणून सगळं तुम्हालाच कळतं असं नाही.

राग आलाय मला, आणि राग आला की मी तुम्हाला जास्तच अहो-जाहो करते हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला कशाची पडलीय? इंजिनाची नाही. स्टँडवर ठेवून पाच मिनिटं भोंगा वाजवायचा, चार म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या, की झालं. पुन्हा ताडपत्री. एकतीस वर्षं मी ती ताडपत्री झटकलीय. दर पावसाळ्याआधी दोऱ्या बदलल्यात. उंदरांनी सीटमध्ये घर केलं तेव्हा बाळंतपणंसुद्धा माझ्याच डोक्यावर. गाडी बघायची गोष्ट आहे का हो? मग भिंतीवर फोटो आहे की, तो बघा.

ज्या गोष्टी करायच्या त्या करा:

व्हॉल्व्हच्या सीटा कडक लोखंडाच्या बसवा. पूर्वी पेट्रोलात शिसं असायचं, ते सीटांना उशीसारखं व्हायचं. आता शिसं नाही. जुन्या सीटा ठेवल्यात तर व्हॉल्व्ह ठोकून ठोकून आत रुततील. आणि रबराच्या सगळ्या नळ्या बदला, इंजिनावरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदासुद्धा. हल्लीच्या पेट्रोलात दारू मिसळतात. जुनं रबर ती पिऊन मऊ पडतं, तुमच्या मोठ्या मामांसारखं.

गिऱ्हाईक आहे असंच समजा. कोण ते विचारू नका. पक्कं आहे, दारात उभं आहे आणि त्याला पंपावरचंच पेट्रोल परवडतं.

राहता राहिली सातव्या वळणाची गोष्ट. माणूस गेला. त्याला उत्तर देता येत नाही. मेलेल्याशी भांडण काढून तुम्हाला काय मिळणार? सोडून द्या. माझं ऐका, इंजिन उघडलंत की जुनं सगळं एका बादलीत घाला आणि भंगारवाल्याला हाक मारा.

फलकाच्या कार्यक्रमाचं पत्र मलाही आलं. "दिवंगतांच्या पत्नीनं दोन शब्द बोलावेत" म्हणे. दोन शब्दांत मावणारा संसार असता तर काय पाहिजे होतं!

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

इंजिन उघडलं. नीट वाचा.

बाहेरची घाण रॉकेलनं धुतली. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी पांढऱ्या रंगाची रेघ निघाली. ती मी ओढली होती, शुक्रवारी टायमिंग लावल्यावर. अर्धी रेघ डिस्ट्रिब्युटरवर, अर्धी ब्लॉकवर. कुणी हलवलं तर रेघ तुटावी म्हणून. वहिनी, रेघ सरळ आहे. केसाएवढीही सरकलेली नाही. वर रंगाचा पापुद्रा शाबूत आहे. मग हेड काढायच्या आधी खूण फिरवून टायमिंग मोजलं. वहीतल्या आकड्यावर आहे.

मग कार्बोरेटर उघडला. जेट काढून नंबर बघितले. बरोबर. म्हणजे पेट्रोल कमी पडून तापलं असंही नाही.

मग हेड काढलं. तीन नंबरच्या पिस्टनला मधोमध अंगठा जाईल एवढं भोक. बाकीच्या तिघांच्या डोक्यावर बारीक बारीक खड्डे, वाळूनं मारल्यासारखे. म्हणजे एकाच सिलिंडरचं दुखणं नव्हतं. चारही ठोकत होते. टायमिंग बरोबर, जेट बरोबर, पिस्टन बरोबर. मग उरलं काय? पेट्रोल. टाकीत विमानाचं पेट्रोल नव्हतं. निदान पूर्ण नव्हतं. साधं मिसळलेलं होतं.

टाकी भरली कोणी? दादानं. टाकीला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या गळ्यातल्या दोऱ्यात. तो डबा आणायला विमानतळावर चार चकरा माराव्या लागायच्या, तिथल्या माणसाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागायच्या. कंटाळला असेल. अर्धा डबा मिळाला असेल, बाकी साधं ओतलं असेल, चालून जाईल म्हणून. चाललं नाही. आणि मग वर सगळ्यांदेखत माझ्या माथी मारलं. स्वतःला माहीत असताना!

चूक झाली असती तर मी माफ केलं असतं. हे चूक नाही. हा खोटेपणा आहे. एकतीस वर्षं तो माणूस शेजारी बसून जेवला तुमच्या आणि एकदाही त्याला वाटलं नाही की धाकट्याला एक पत्र टाकावं.

आता स्टँडवर इंजिन चालवायची गरज नाही. १८ मेला मी तो पिस्टन घेऊन येतो. टेबलावर ठेवतो आणि बोलतो. फलक लावायचा तर लावा, पण कुणाच्या नावानं लावताय ते आधी ऐकून घ्या म्हणावं.

धाकटा

ताई, मी दोन ओळी घुसडते. हे जेवताना तो फुटका पिस्टन ताटाशेजारी ठेवून बसतात. काल म्हटलं, त्याला पण वाढू का? तर ताटावरून उठले. रात्रंदिवस तोंडात एकच, "दादानं केलं, दादानं केलं." मोठे भावोजी तसे नव्हते हो. तुम्हीच समजवा. तुमची जाऊ.


६ एप्रिल

खबरदार!

एवढाच शब्द लिहून पाकीट बंद करणार होते, पण तुमचं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून पुढे लिहिते.

तुमच्या दादावर काय वाटेल ते बोला. तापट होते, बोला. ऐकून घ्यायचे नाहीत, बोला. तंबाखू थुंकून माझ्या सगळ्या कुंड्यांची वाट लावली, तेही बोला, मी साक्ष देईन. पण इंजिनाशी लबाडी? ताप आला तर स्वतः साधी गोळी घ्यायचे नाहीत, पण इंजिनात दुसऱ्या डब्यातलं तेल घातलं तर दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत. तो माणूस शर्यतीच्या आदल्या दिवशी टाकीत साधं पेट्रोल ओतेल? तुम्ही एकतीस वर्षं त्यांच्यावर रागावलात आणि रागात माणूसच विसरलात.

त्यांना खरंच वाटत होतं की टायमिंग तुम्ही ओढलं. खोटं बोलत नव्हते. चुकले, पण खोटं बोलले नाहीत. टायमिंगची रेघ त्यांनी का बघितली नाही, असं विचाराल. इंजिन सोडाच, बॉनेट उघडायचीही त्यांची छाती झाली नाही. गाडी ढकलून शेडमध्ये नेली, ताडपत्री टाकली. उघडलं आणि तुमची चूक निघाली नाही तर? या भीतीनं नाही उघडलं, असं मला वाटतं. पण भित्रं असणं आणि खोटारडं असणं, यात फरक आहे की नाही?

मग पेट्रोल कुणी मिसळलं, म्हणाल. विमानतळावरच्या माणसानं मिसळलं असेल! लोक दुधात पाणी घालतात, त्याच्या हातात तर डबा होता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं करू नका. कोणताही भोक पडलेला तुकडा टेबलावर ठेवून भाषण करायचं नाही. पिस्टन मला पाठवून द्या. आजच्या आज.

वहिनी


१३ एप्रिल

(कारखान्याच्या जॉब कार्डाच्या मागे)

पिस्टन देणार नाही.

विमानतळावरचा माणूस मिसळणार नाही. डबा तिथे सीलबंद मिळायचा. सील दादा माझ्यासमोर तोडायचा. त्या गुरुवारी टाकीत बारा लिटर आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर गेलं, आत्ता आठवलं. म्हणजे ते नंतर काढलं गेलं आणि दुसरं घातलं गेलं. शुक्रवारी इंजिन चालवून बघितलं ते पाच मिनिटं. शनिवारी आम्ही दोघं बसनं नोंदणीला गेलो होतो. रविवारी सकाळी गाडी ट्रकमागे बांधून घाटाच्या पायथ्याशी नेली. मधे कधी? कोणी? किल्ली दादाकडे.

दुसरं नाव सांगा, वहिनी. एक तरी सांगा. नसेल सांगता येत तर गप्प बसा.

तुमचं इंजिन तुमच्या म्हणण्यासारखं करतोय. सपाट पिस्टन आले. सीटा बसवल्या. हेडमध्ये तीन सीसी खरवडलं, पिचकारीनं मोजलं. नऊवर आलं. आता मला साडेअकराची गरज नाही. माझा पुरावा भोकात आहे.

१८ मेला भेटू.


२१ एप्रिल

भावोजी,

आठ दिवस जॉब कार्ड टेबलावर ठेवून फिरतेय. भाजी चिरताना त्याच्याकडे बघते, उठताना बघते. "नसेल सांगता येत तर गप्प बसा." गप्प बसण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे तुम्हाला कुठे माहीत होतं?

आधी इंजिनाचं. नऊ झालं ते बरं केलंत. नळ्या बदलल्या का ते लिहिलं नाहीत. नसतील तर बदला. गिऱ्हाईक कोण ते आता लिहिते. गिऱ्हाईक मी. मला ती गाडी चालवायचीय. सहासष्ट वय आहे, डोळे तपासून घेतलेत, परवाना हातात आहे. समोरची इस्त्रीवाली मुलगी शिकवायला यायची, पण तिलाच माझ्याकडून दोन गोष्टी शिकून जाव्या लागल्या. हसा आता.

तुम्हाला वाटलं असेल म्हातारीला चळ लागलाय. चळ जुना आहे. तुम्ही दोघं भाऊ त्या गाडीत बसायचात आणि मी कंदील धरायचे. तुम्ही बोल्ट आवळायचात, मी आकडे लिहायचे. गाडी शेडमधून बाहेर काढायची असली की तुम्ही दोघं ढकलायचात, आणि मी आत बसून स्टिअरिंग धरायचे, कारण मी हलकी होते. "वहिनी, नुसतं सरळ धरा, दुसरं कशाला हात लावू नका." किती वर्षं? सात. सात वर्षं नुसतं सरळ धरलं. क्लच कुठे, गिअर कसा पडतो, चोक किती ओढायचा, सगळं बघून पाठ झालं. ह्यांना एकदा विचारलं होतं, मी चालवून बघू का? हसले. वाईट नाही हसले, प्रेमानंच हसले, लहान मुलानं विमान मागितल्यावर हसतात तसं. मला त्या हसण्याचा जेवढा राग आला तेवढा पुढे कशाचाच आला नाही. ते मेले तरी तो राग मेला नाही. तुम्ही मला विचारलंत ना, "तुम्हाला कळतं का त्यातलं"? ते वाचून तोच राग पुन्हा आला. म्हणून तर सगळी पत्रं अशी तिखट लिहिली. थोडी त्यासाठी, थोडी दुसऱ्या कारणासाठी.

शनिवारी तुम्ही दोघं बसनं गेलात. जाताना ह्यांनी गळ्यातला किल्लीचा दोरा काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, गर्दीत तुटेल, तू ठेव. तुमची पाठ वळायच्या आत मी शेडचं दार उघडलं.

काय सांगू तुम्हाला. साडेदहाला निघाले. पदर खोचला, चपला काढून ठेवल्या, अनवाणी पायाला पेडल नीट कळतं. बाजाराचा रस्ता टाळून मागच्या रस्त्यानं गेले. घाटापर्यंत गेले. घाट चढले. सातव्या वळणापर्यंत चढले, तिथे थांबवली, खाली उतरले आणि खालचं सगळं बघत उभी राहिले. तुमचे चार पिस्टन सुतासारखे चालत होते, भावोजी. मी सांगते, मी ऐकलंय. त्या इंजिनात कसलाही दोष नव्हता. तुमच्या हातची गोष्ट तिच्या जोरात चालताना ह्या जगात एकाच माणसानं अनुभवली, ती मी. हे तुम्हाला तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

परत येताना लाकडी काठी टाकीत घालून बघितली. बारातले सात लिटर गेले होते. तुम्ही संध्याकाळी काठी घालून बघणार हे मला ठाऊक होतं, तुमच्या दादाची काठी दर दोन तासांनी टाकीत असायची. पंपावर गेले. पंपवाला गाडीकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. म्हणाला, साहेब कुठायत? म्हटलं, डिकीत. सात लिटर साधं भरलं. काठी बरोबर आली. पाणी घेऊन चाकांची माती धुतली, ताडपत्री होती तशी टाकली. किल्ली दोऱ्यात घातली. तुम्ही दोघं सहाला आलात आणि चहा मागितलात.

साधं पेट्रोल चालणार नाही हे मला माहीत नव्हतं, असं लिहून मी सुटू शकले असते. तुम्हीही मानलं असतंत. सातवी शिकलेली बाई, तिला काय कळणार. सोपं होतं. पण ते जिथे लिहिलंय ते वहीतलं पान बारा माझ्याच अक्षरातलं आहे.

१८ मेला पिस्टन घेऊन याच. टेबलावर मधोमध ठेवा. "दोन शब्द" मी बोलणार आहे, आणि ह्यांच्या नावाला तुम्ही हात लावायचा नाही, त्यांना काही माहीत नव्हतं. मरेपर्यंत नव्हतं. शेवटच्या महिन्यात त्यांनी तुमचं नाव दोनदा घेतलं, मी दोन्ही वेळा त्यांची उशी सारखी केली आणि खोलीतून बाहेर आले. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. इंजिन परत पाठवणार नसाल तरी मी समजेन. इंजिन तुमचं आहे, तसंही.

अजून एक राहिलंय. ते लिहिल्याशिवाय हे सगळं लिहून उपयोग नाही.

पंपावरून घराकडे येताना शेवटचा छोटा चढ लागतो, दवाखान्याच्या मागचा. तिथे मी जरा जोरात पाय दिला आणि इंजिनातून आवाज आला. डब्यात खडे हलवल्यासारखा. मी ओळखला. पाय काढला तर थांबला. पुन्हा दिला, पुन्हा आला. शनिवारी दुपारी तीन वाजता, शर्यतीच्या आदल्या दिवशी, मला कळलं होतं की हे इंजिन उद्या फुटणार. ह्यांचा जीवही जाऊ शकतो, हेही कळलं होतं. रविवारी सकाळपर्यंत माझ्याकडे वेळ होता. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी गाडी नेली होती हे कळलं असतं, आणि मला ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आणि पुढच्या गुरुवारी तुमची पिशवी मीच भरून दिली, दोन शर्ट, टॉवेल आणि तुमचा तो मायक्रोमीटर. तुम्ही दारात विचारलंत, "वहिनी, तुम्हाला तरी पटतं का मी ओढलं असेन?" आणि मी म्हटलं, "काय माहीत बाबा."

मला माहीत होतं.

वहिनी